वापरलेली सुरी विकताना माप सांगा

महोदय,

आपल्या पुरवणीत जपानी सुऱ्यांच्या शौकिनांवरचा लेख वाचला. लेख छान आहे, पण शेवटी 'वापरलेली जपानी सुरी घेण्याच्या फंदात पडू नये' असा सल्ला दिला आहे, तो काही पटला नाही. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. पोलादाला पाणी देणं, टेंपर करणं, घासणं यातच नोकरी गेली आणि नंतर हा नाद लागला. पुण्या-मुंबईत आमच्यासारखी थोडी मंडळी आहेत: हॉटेलांतले शेफ, आयटीतली मुलं, एखादा डॉक्टर. एकमेकांच्या सुऱ्या घेतो, वापरतो, पुढे विकतो. नव्याची किंमत ऐकून घरचे ज्या नजरेने बघतात, ती बघता दुसरा मार्गही नाही.

वापरलेली म्हणजे वाईट, असं नाही. कितीतरी नव्या सुऱ्यांची पहिली धार ठिसूळ निघते, भाजी कापतानाही बारीक टवके उडतात. दोन-तीनदा धारेच्या दगडावर घेतली की तीच सुरी शहाणी होते. तेवढं काम आधीच्या मालकाने नीट केलं असेल, तर घेणाऱ्याचा फायदाच.

खोट आहे ती विकणाऱ्यांच्या भाषेत. 'जवळजवळ नवी', 'अगदी कमी वापर', 'कागद कापते'. कागद काय, कुठलीही सुरी दगडावरून उतरल्या उतरल्या कापते! मला हवी आहेत मापं. टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत लांबी किती, हे व्हर्निअर लावून सांगा. २१० मिलिमीटरची म्हणून घेतलेली ग्युतो, म्हणजे शेफची सगळ्या कामाची सुरी, २०३ भरली, तर टोक मोडून पुन्हा घासलंय हे उघड आहे. त्याहून महत्त्वाची टाचेजवळची उंची. नवी असताना ४८ होती आणि आज ४५ असेल, तर तीन मिलिमीटर दगडाने खाल्ले. त्याचंही दुःख नाही. पण पातं वर जाड आणि खाली पातळ असतं, त्यामुळे उंची घटते तशी धार जाड भागात सरकते. तिथे पातं दोन्ही अंगांनी पातळ करून घ्यावं लागतं. ते केलं नसेल, तर सुरी धारदार असूनही गाजरात पाचरीसारखी अडकते. म्हणून टाचेच्या बाजूने, पातं डोळ्यासमोर उभं धरून काढलेला एक फोटो द्या. बाजूने काढलेल्या दहा चकचकीत फोटोंपेक्षा त्यात जास्त कळतं.

चकचकीतवरून आठवलं. विकण्याआधी बफ मारू नका. शिरोगामी, आओगामी ही कार्बन पोलादं. वापराने त्यांच्यावर निळसर करडी झाक येते, ती असू द्या. बफ मारला की गंजाचे खड्डे लपतात. अंगावरचा खड्डा चालतो, धारेजवळचा नाही, कारण पुढच्या धारेला नेमका तिथेच टवका उडणार. आणि कोरड्या ग्राइंडरवर धार लावली असेल, तर तसं सांगा. धारेवर निळा रंग दिसला, म्हणजे तिथलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं होतं. टेंपर उतरला, ६२ रॉकवेल कठीणपणाची सुरी तेवढ्या भागात मऊ पडली. असला माल मी फुकटही घेत नाही.

यानागिबा, देबा या एका बाजूने धारेच्या सुऱ्यांची मागची बाजू मध्ये किंचित खोलगट असते. तिचा फोटो कोणी देतच नाही. कडेची सपाट पट्टी रुंद होत गेली असेल, तर मागची बाजू गरजेपेक्षा जास्त घासली आहे, असं समजावं. डावखुऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. या सुऱ्या बहुतेक उजव्या हाताच्याच असतात.

पात्यावर कोरलेल्या नावाचे जास्त पैसे मागणाऱ्यांना एक सांगतो. जपानमधल्या साकाई या सुऱ्यांच्या गावात घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा तिसराच. नाव पुष्कळदा व्यापाऱ्याचं असतं. नावापेक्षा धार काढणाऱ्याचा हात बघा. मुठीपायी किंमत पाडून मागणारेही चुकतात. जपानी पद्धतीची लाकडी मूठ बदलता येते. मुठीत शिरलेला गंज मात्र विचारावा.

आता राहिलं पाठवणं. एका कुरिअरने माझं पार्सल 'हत्यार आहे' म्हणून परत केलं. शस्त्र कायद्याखालच्या २०१६च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात हे खरं, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून स्पष्ट वगळली आहेत. २७० मिलिमीटरची यानागिबा नऊ इंचांहून लांब असली, तरी मासे कापायचीच सुरी आहे. कुरिअरवाल्यांनी आपल्या काउंटरवरच्या पोरांना एवढं सांगून ठेवावं. आम्हीही पात्याला पुठ्ठ्याचं घट्ट म्यान करून, टोकाला बुचाचा तुकडा लावून पाठवावं. उघडणाऱ्याचा हात कापला, तर नियम दाखवून काय उपयोग?

माझी एक नाकिरी, म्हणजे भाजीची सुरी, सध्या विकायची आहे. आओगामी दोन नंबर, लांबी १६५, उंची ५१ची ४९ झाली आहे, टाचेपाशी नखाएवढा जुना डाग, धारेला टवका नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटवर कधी चालवलेली नाही, नारळ तर नाहीच. पत्राची जाहिरात होऊ नये म्हणून किंमत लिहीत नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड