जुलै जूनच्या आधी?

महोदय,

रविवारच्या अंकातला मासिक पावसाचा स्तंभालेख पाहिला आणि हातातला चहा गार झाला. एप्रिल, ऑक्टो., ऑगस्ट, जाने., जुलै, जून, डिसें... या क्रमाने स्तंभ उभे! ऑगस्टच्या उंच स्तंभाला खेटून जानेवारीची मोकळी जागा, लगेच जुलैचा डोंगर. मग पाच जवळजवळ कोरडे महिने आणि अगदी टोकाला एकटा सप्टेंबर. नातीने विचारलं, "आजोबा, पाऊस वर्षातून तीनदा येतो?"

चिपळूणच्या शाळेत मी भूगोल शिकवला. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मुलांना घेऊन पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचो. त्यामुळे हे सोडून देववेना. आकड्यांत मला काही खोट दिसली नाही. महिने तेवढे अकारविल्हे लागले आहेत. संगणकाला 'जून' म्हणजे नुसती अक्षरं. ऱ्हस्व 'जु' दीर्घ 'जू'च्या आधी, म्हणून जुलै पुढे. इंग्रजी आद्याक्षरांनी लावले तरी एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असाच गोंधळ. (चैत्र-वैशाख लिहिले असते तर वर्ष आश्विनात सुरू झालं असतं!)

सूनबाई कचेरीत दिवसभर एक्सेलवर असतात. त्यांनी पाच मिनिटांत उपाय दाखवला. रकान्यात महिन्याचं नाव टाइप न करता १ जून, १ जुलै अशी वर्षासकट खरी तारीख भरायची आणि फॉरमॅट बदलून फक्त महिना दिसू द्यायचा. मग क्रम तारखेप्रमाणे लागतो, आणि दोन वर्षांचे जानेवारी एकाच स्तंभात मिसळत नाहीत. नावंच हवी असतील तर 'कस्टम लिस्ट'मध्ये बारा महिने आपल्या क्रमाने एकदा भरून ठेवायचे आणि सॉर्ट करताना तीच यादी निवडायची. इंग्रजी महिन्यांची यादी तिथे आधीपासून असते, 'जाने., फेब्रु.' आपल्याला घालावे लागतात.

एक मात्र माझा हट्ट समजा: पावसाचा आलेख जानेवारीपासूनही नको, जूनपासून मेपर्यंत असावा. आपल्याकडे पावसाचं वर्ष मृगापासूनच मोजतात.

तोच आलेख दुरुस्त करून पुन्हा छापाल का? नातीला वहीत चिकटवायचा आहे.

– एक निवृत्त शिक्षक, चिपळूण