वूड बर्निंगचं किट घेताना नग मोजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिटायर झालेल्या माणसांनी कोणते छंद करावेत यावर मागच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. त्यात लाकडावर जाळून नक्षी करायच्या कामाबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि शेवटी "ऑनलाईन स्वस्तात किट मिळतं" एवढं म्हणून विषय सोडून दिलाय. असल्याच एका वाक्यावर भरवसा ठेवून दोन वर्षांपूर्वी माझे साडेनऊशे रुपये गेले, म्हणून लिहायला बसलो.

मी शिवणीच्या लाकडातनं पक्षी कोरतो. खंड्या, वेडा राघू, एकदा मोठा भारद्वाज पण केला. पटाशीनं आकार येतो, पॉलिश पेपरनं गुळगुळीत होतो, पण पीस काही दिसत नाही, पक्षी साबणाच्या वडीसारखा दिसतो. पिसाची मधली दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूच्या बारीक तिरक्या रेघा तापलेल्या टोकानंच ओढाव्या लागतात, म्हणजे रेघेला खोली पण येते आणि तपकिरी रंग पण येतो, दोन्ही कामं एका हातात. एका पंखावर अशा दोनशे-तीनशे रेघा सहज होतात, त्यामुळं हत्यार हातात कसं बसतं हाच सगळा खेळ आहे.

तर माझं किट. खोक्यावर "७१ पीस" म्हणजे ७१ नग, ६० वॉट, २०० ते ४५० डिग्री असं लिहिलेलं. उघडलं तर त्यातले निम्मे नग म्हणजे स्टेन्सिल, रंगीत पेन्सिली आणि एक पत्र्याचं स्टँड जे फुंकर मारली तरी पडेल. पितळेच्या टिपा, म्हणजे पुढं लावायची टोकं, पंचवीस-तीस होती, त्यातल्या मी आजवर चार वापरल्या असतील. तापमानाचं चाक फिरवलं काय न फिरवलं काय, टोक तसंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिथं धरायचं तिथनं टोकापर्यंत चांगलं वीतभर अंतर, पेन शेपटाला धरून सही करायला सांगितल्यासारखं. रेघ थरथरणार नाहीतर काय होणार. त्यात गरम असतानाच पकडीनं टीप बदलायला गेलो, तर पितळ मऊ पडलेलं, आटे गेले आणि टीप आत अडकून बसली ती बसलीच. ही चूक माझी, किटवाल्याची नाही.

मग मारुती रोडवरनं अडीचशे रुपयाची साधी २५ वॉटची सोल्डर गन आणली, रेडिओवाले वापरतात ती. तिचं तांब्याचं बिट, म्हणजे तापणारं टोक, कानशीनं घासून सुरीसारखी धार काढली. बिट मात्र कोरं पाहिजे, शिसं लागलेलं जुनं नको, त्याचा धूर आपल्याच नाकात जातो. तांबं लवकर झिजतं, आठ दिवसांनी परत घासावं लागतं, पण या गननं मी वर्षभर काम केलं आणि खरं सांगतो, किटपेक्षा बरं झालं. मोठ्या जागा काळ्या करायला ती कमी पडायची म्हणून पुढं ६० वॉटची साधी गन घेतली तर ती पिसं करपवायला लागली. ओळखीच्या एका रेडिओ रिपेअरवाल्यानं तिच्या प्लगच्या बोर्डात एक डायोड आणि एक स्विच टाकून दिला. डायोड एसीची अर्धीच लाट सोडतो म्हणजे पॉवर निम्मी, ६० ची ३० वॉट, स्विच दाबला की परत पूर्ण. डायोडला दोन-तीन रुपये पडले आणि चहा मी पाजला. हे ज्याला वायरिंग कळतं त्याच्याकडूनच करून घ्या, २३० व्होल्टशी खेळ नको, आणि ज्या गनला स्वतःचं तापमानाचं बटण आहे तिला हे लावू नका.

आता माझ्याकडं तारेच्या टोकाचं मशीन आहे, म्हणजे खरं तर आमच्या तिघांत मिळून एक, २,९०० रुपयाला. एक पॉवरचा डबा, त्याला बारीक पेन आणि टोकाला निक्रोमची, म्हणजे हीटरच्या कॉइलला असते तसली, वाकवलेली तार. टोकाला जेमतेम दोन-तीन व्होल्ट पण करंट कित्येक अँपिअरचा, म्हणून पाच-सात सेकंदात तापतं आणि बोटं टोकापासनं दीड-दोन इंचावर राहतात. घेताना केबल बघा, जाड आणि आखूड पाहिजे, बारीक लांब केबल असली की उष्णता टोकाऐवजी केबलमध्येच मुरते. टिपा महाग देतात, पण हीटरची कॉइल भरून देणाऱ्याकडं निक्रोमची तार मिळते, ती हातोडीनं चपटी करून आपली आपण टीप बनवता येते. नवख्यानं लगेच हे मशीन घेऊ नये असं माझं मत, आधी अडीचशेच्या गनवर हात बसतो का बघावं.

हात बसवायला आमच्या मिरजेइतकी चांगली जागा नाही. सतार-तंबोऱ्याला लागणारे भोपळे पंढरपूरकडनं येतात आणि त्यातले फुटके, चिरलेले तुकडे कारागीर टाकून देतात. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान वेगळाच.) मी पिशवीभर मागून आणले, कोणी पैसे घेतले नाहीत. भोपळ्याला लाकडासारखी मऊ-कडक रेषा नसते त्यामुळं टोक सरळ चालतं. याउलट पॅकिंगच्या पेटीचं पाईन घेतलं की मऊ पट्ट्यात टोक बुडतं, कडक पट्ट्यावर घसरतं, आणि शिसम तर मुळात इतकं काळं की जाळलेलं दिसतच नाही. एमडीएफ, प्लाय आणि रंग दिलेलं लाकूड अजिबात जाळू नका, त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर वाईट. पंखा टोकावर सोडू नका, टोक गार पडतं, खिडकीकडं तोंड करून धूर बाहेर जाईल असा ठेवा.

लाईट गेली तर प्लग काढायचा हे मी सनमायका जाळून शिकलो. मंगळवारी दुपारी लाईट गेली, मी बाहेर पडलो, लाईट आली तेव्हा गन त्या पत्र्याच्या स्टँडवरनं डायनिंग टेबलावर कलंडलेली. सूनबाई काही बोलली नाही पण त्या डागावर आता कायम फुलदाणी असते.

आणखी एक, मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेच्या फांद्या उमटवायचे व्हिडिओ हल्ली पोरं बघतात. तो ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट देतो, त्यानं अमेरिकेत माणसं मेलीत आणि तिथल्या वुडटर्नर म्हणजे लेथवर लाकूडकाम करणाऱ्या लोकांच्या संघटनेनं आपल्या कार्यक्रमांत हा प्रकार बंद केलाय. याला वूड बर्निंग म्हणून छापू नका, एवढी विनंती.

आणि हो, तुमच्या लेखासोबतच्या फोटोत त्या बाईंनी गन लाकडी मुठीच्या पुढं, लोखंडी नळीला धरलीय. गन चालू असती तर बोटं भाजली असती, पुढच्या रविवारी तेवढा फोटो तरी बदला.

आपला,
एक जुना वाचक
विश्रामबाग, सांगली