ॲडलेडहून विनायकला

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. सांगलीत तुमच्या तालमी सुरू झाल्या हे वाचून बरं वाटलं. नाटकाचा विषय निघालाच आहे, तर इथल्या इमॅन्युएल सॉलोमनबद्दल तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

हा लंडनचा ज्यू पोरगा. चोरीच्या गुन्ह्यात तो आणि त्याचा भाऊ व्हायबेन सापडले. इंग्लंडातल्या डरहॅमच्या कोर्टानं दोघांना सात वर्षांच्या हद्दपारीची सजा ठोठावली आणि १८१८ साली ते कैदी म्हणून सिडनीला उतरले. सजा भोगून झाल्यावर भावांनी तिथेच धंदा मांडला. पुढे व्हायबेन सिडनीत राहिला आणि १८३०च्या दशकाच्या अखेरीस इमॅन्युएल ॲडलेडला आला. वसाहत नवी, शेतं अजून धड पिकत नव्हती, म्हणजे लागेल ती वस्तू गलबतानंच यायची. माल धाडायला तिकडे सख्खा भाऊ आणि इकडे ‘एक वार, दोन वार’ करत लिलाव पुकारायला हा! दोघांचा जम बसला नसता तरच नवल.

यातली खरी गंमत तुझ्या लक्षात यावी म्हणून सांगतो. १८३६ साली वसलेल्या या दक्षिण ऑस्ट्रेलियाला एकाच गोष्टीचा मोठा अभिमान होता: आमच्याकडे कैदी आणले जात नाहीत. अशा गावात या माणसानं आपल्या पैशानं नाट्यगृह बांधलं, क्वीन्स थिएटर. ११ जानेवारी १८४१ला ‘ऑथेल्लो’नं पडदा उघडला. म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांचा पहिला प्रयोग झाला, त्याच्याही दोन वर्षं आधी! पण लगेच मंदी आली. गव्हर्नर ग्रेनं सरकारी खर्चाला कात्री लावली, लोकांच्या हातात पैसा राहिला नाही आणि नाटक बंद पडलं. १८४३पासून तिथे कोर्ट भरू लागलं. एकेकाळच्या कैद्याच्या इमारतीत न्यायाधीश बसले! इमारत अजून उभी आहे. दर्शनी भिंत मात्र १८५०च्या दुरुस्तीतली.

पुढे तो सावरला, कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बसला. पण मला त्याचं मोठेपण दिसतं ते १८७१ सालात. गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या मेरी मॅकिलॉप या ननला तिच्याच बिशपनं सप्टेंबरात धर्मबहिष्कृत केलं. तिच्या सोबतच्या कित्येक नन रस्त्यावर आल्या. कॅथलिक बिशपनं वाळीत टाकलेल्या बायकांना घर कोण देणार? सत्तरी ओलांडलेल्या या ज्यू व्यापाऱ्यानं फ्लिंडर्स स्ट्रीटवरचं आपलं घर त्यांना दिलं, भाड्याचा एक पैसा न घेता. दार बंद झालेल्या माणसाची अवस्था त्याला कुणी समजावून सांगावी लागली नसणार, असं मला मनापासून वाटतं.

फेब्रुवारी १८७२मध्ये मरणशय्येवरच्या बिशपनं बहिष्कार मागे घेतला. सॉलोमन पुढच्या वर्षी गेला. मेरीला २०१० साली संतपद मिळालं, आणि तिची हकीकत सांगताना इथले लोक सॉलोमनच्या घराचाही उल्लेख करतात, याचा मला फार आनंद आहे.

वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. प्रयोगाची तारीख ठरली की कळव.

तुझा,
श्रीधर