ओढलेली गाडी आणि उघडा टीटी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत बँका आणि फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेल्या गाड्या लिलावात घेऊन विकण्याच्या जोडधंद्यावर लेख आला होता. गाडी बाजारभावाच्या निम्म्यात मिळते, थोडी डागडुजी केली की महिन्याला वीस-पंचवीस हजार सुटतात, असा त्याचा सूर. तेव्हापासून आमच्या गॅरेजचा फोन थांबलेला नाही. ‘वहिनी, आम्हालापण एखादी बघा की लिलावातली.’ फोन करणाऱ्यांत शिक्षक आहेत, सोसायटीचे सचिव आहेत. एक पोरगा तर लग्नासाठी साठवलेले दोन लाख ‘तेवढ्यात फिरवून घेतो’ म्हणतोय. म्हणून हे पत्र.

कुपवाड रोडला आमचं गॅरेज आहे. यजमान इंजिन बघतात, मी कागद बघते. आरटीओचे फॉर्म, विमा, चलन, बँकेची एनओसी हे सगळं माझ्याकडं. वर्षाकाठी दोन-तीन लिलावाच्या गाड्या आम्ही घेतो आणि विकतो, त्यामुळे या धंद्यात पैसे नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत. पण लेखात ज्याला नफा म्हटलंय, त्यातला बराचसा दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जोखीम ठेवून मिळवलेला असतो. ती जोखीम कुणाची, हे लेखात कुठंच नव्हतं.

आधी हिशेब सांगते. २०१७ ची वॅगन आर, पेट्रोल, पुण्याजवळच्या यार्डातली. बोली १ लाख ६२ हजारांना सुटली. लिलाव कंपनीचे पाच हजार. गाडीला चावी एकच आणि तीही चालेना, बॅटरी मेलेली, म्हणजे चालवत आणायचा प्रश्नच नाही. क्रेनचे नऊ हजार. नवी चावी प्रोग्रॅम करायला साडेसहा हजार, बॅटरी ४,२००, दोन टायर ७,४००. यार्डात उभ्या गाडीत उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, त्याचे ३,८००. डेंटिंग-पेंटिंग ११ हजार, ब्रेक-ऑइल-फिल्टर मिळून ६,१००. विमा थर्ड पार्टीच घेतला. हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीला मूळ हप्ता २,०९४ रुपये, वर कर, म्हणजे अडीच हजारच्या घरात. जुनी चलनं साडेचार हजारांची. आरसीवरचा (नोंदणीच्या दाखल्यावरचा) बँकेचा बोजा उतरवणं, गाडी आमच्या नावावर करणं, एचएसआरपी म्हणजे सुरक्षा नंबरपाट्या, असं मिळून साडेसहा हजार. बेरीज झाली २ लाख २८ हजार ५००. गाडी गेली अडीच लाखांना. हातात साडेएकवीस हजार, आणि त्यात यजमानांची मजुरी धरलेली नाही, कारण गॅरेज घरचं. पैसे चार महिन्यांच्या वर अडकून पडले ते वेगळंच. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेणाऱ्या शिक्षकाला यातून काय उरेल, त्यानंच बघावं.

गाडी स्वस्त का मिळते, हेही समजून घ्यायला हवं. लिलावात ‘जसं आहे, जिथं आहे’ अशी अट असते. चालवून बघता येत नाही. फार तर बॅटरी लावून इंजिन सुरू करून दाखवतात, काही ठिकाणी तेवढंही नाही. हप्ते थकलेल्या माणसानं शेवटचं वर्षभर सर्व्हिसिंगला पैसे घातलेले नसतात, यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. यजमान यार्डात गेले की बॉनेटच्या आधी ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडतात. दाराच्या कडेला ऑइल बदलल्याचा स्टिकर असतो, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. स्टिकरवर ९२ हजार आणि मीटरवर ६४ हजार असं एकदा निघालं. मीटर मागं करणाऱ्यानं मीटर केलं, स्टिकर खरवडायचा राहिला.

आपल्या सांगलीकरांना आणखी एक सांगायला हवं. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून, कर्ज तसंच असताना, पुढं बँकेच्या यार्डात पोचल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या भागावर तांबूस मातीची रेघ असेल, तर गाडीनं कृष्णामाईचं पाणी प्यालेलं आहे. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघायचं. सीट कव्हर नवं घालता येतं, बेल्ट कुणी बदलत नाही.

हे झालं गाडीचं. गाडीचं दुखणं घेणाऱ्याच्या खिशाला लागतं, तो शहाणा होतो. कागदाचं दुखणं मात्र तिसऱ्यालाच लागतं.

कर्ज घेताना शोरूममध्ये माणसाकडून पंचवीस-तीस ठिकाणी सह्या घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात बऱ्याचदा फॉर्म २९ आणि ३० कोरेच सही करून घेतलेले असतात, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, आपण ज्याला टीटी म्हणतो ते. हप्ते थकले, गाडी ओढली, लिलाव झाला की बोली जिंकणाऱ्याला बँक हे सह्या केलेले फॉर्म, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि एनओसी देते. आता घेणारा जर जोडधंदेवाला असेल, तर तो गाडी आपल्या नावावर करतच नाही. का करील? ट्रान्सफरला खर्च, वेळ, आणि वर आरसीवर मालकांची संख्या एकानं वाढते. ‘सेकंड ओनर’ची ‘थर्ड ओनर’ झाली की गिऱ्हाईक भाव पाडतं. म्हणून टीटी उघडाच, म्हणजे घेणाऱ्याचं नाव न भरता ठेवायचा, गिऱ्हाईक मिळालं की त्याच्या हातात द्यायचा. तो गिऱ्हाईकही कधी कधी दुसरा जोडधंदेवाला निघतो. लेखातल्या हिशेबात ट्रान्सफरचा खर्च का नव्हता, याचं उत्तर हे आहे.

या सगळ्या वेळात आरसीवर नाव कुणाचं? ज्याची गाडी ओढली त्याचं.

तासगाव तालुक्यातले एक गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक. थोडी द्राक्षबाग, आणि बेदाणा शेडवर बायका नेण्या-आणण्यासाठी इको घेतली होती. अवकाळीनं बाग गेली, हप्ते तुंबले, एका फायनान्स कंपनीनं गाडी नेली. त्यांनी तक्रार केली नाही. ‘पैसे थकवले, गाडी गेली, संपलं,’ म्हणाले. तीन वर्षांनी ते मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसले. ठाण्याकडच्या रस्त्यांवरची वेगाची चलनं, एक सिग्नलचं, एक सीट बेल्टचं, आणि वर लोकअदालतीत हजर राहण्याचा मेसेज. ‘वैनी, गाडी डोळ्यांनी बघितल्याला तीन वर्सं झाली, दंड अजून मलाच का येतोय?’ गाडी कुणाला विकली, हे कंपनीची शाखा सांगेना. तिथला साहेब म्हणाला, ‘आमच्याकडून केस क्लोज आहे.’ कर्जाची उरलेली बाकी मागायला मात्र त्याच शाखेतून फोन येत होता, म्हणजे एका टेबलावर केस बंद आणि दुसऱ्यावर चालू!

चलनाचं एक वेळ भागवता येईल. अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एका खटल्यात निकाल दिला आहे. त्यातली गाडी मूळ मालकानं विकल्यावर तीन-चार हात फिरली होती, आरसी कुणीच बदलली नव्हती, आणि पुढं तिनं माणसाचा जीव घेतला. न्यायालयानं सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्यानं मालक तोच, आणि भरपाईही त्यानंच द्यायची. तो ओढलेल्या गाडीचा खटला नव्हता, पण उघड्या टीटीवर गाडी फिरवणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा. विमा संपलेली एखादी गाडी अशीच रस्त्यावर असेल, तर बाग गेलेल्या माणसाच्या घरावर काय येईल याचा विचार करा.

कायद्यात वाट नाही असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५१, पोटकलम ५. हप्ते थकल्यामुळं गाडी ताब्यात घेतली आणि मालक आरसी देत नसेल किंवा गायब असेल, तर कर्ज देणाऱ्यानं फॉर्म ३६ भरायचा. आरटीओ मूळ मालकाला आरसीवरच्या पत्त्यावर पोचपावतीच्या रजिस्टर टपालानं नोटीस पाठवतं, त्याचं म्हणणं ऐकतं, आणि मग जुनी आरसी रद्द करून कर्ज देणाऱ्याच्या नावानं नवी आरसी देऊ शकतं. म्हणजे लिलावाच्या आधी गाडी बँकेच्या नावावर, लिलावानंतर बँकेकडून घेणाऱ्याच्या नावावर. पण कोऱ्या टीटीवर सह्या हातात असताना हा वळसा कोण घेणार? बँकेला फी नको, वेळ नको, आणि एका गाडीपुरतंसुद्धा आपलं नाव आरसीवर नको.

जुन्या गाड्यांच्या दलालांसाठीही केंद्रानं नियम केलेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून दाखला घ्यायचा. गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी ऑनलाइन खबर द्यायची. तिथून गाडी विकेपर्यंत जबाबदारी डीलरची. नियम चांगला आहे. पण रविवारी मोबाइलवर बोली लावणारा माणूस स्वतःला डीलर समजतच नाही, तो म्हणतो मी हौसेनं घेतो. जीएसटीची नोंदणी असलेल्याला जुन्या गाडीच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के भरावे लागतात, छोट्या गाड्यांना जानेवारी २०२५ पर्यंत १२ होते. म्हणजे रीतसर धंदा करणाऱ्यावर डीलरचा दाखला, कर, ट्रान्सफर असा सगळा खर्च, आणि उघड्या टीटीवाल्यावर काहीच नाही. मग स्वस्त कोण देणार, सांगा.

आम्ही प्रत्येक गाडी आधी यजमानांच्या नावावर करतो. मालकांची संख्या वाढते आणि गिऱ्हाईक दहा हजार कमी देतं, ते आम्ही सोसतो. बाजारातले लोक आम्हाला हसतात. ‘ताई, तुम्ही काय समाजसेवा करताय का?’ समाजसेवा कसली, रात्री झोप लागते आणि पोलिसाचा फोन आला तर कागद दाखवता येतो. शिवाय उघडा टीटी असला की आता ट्रान्सफरच्या ऑनलाइन अर्जाचा ओटीपी मूळ मालकाच्या मोबाइलवर जाऊन अडकतो. त्याचा नंबर बदललेला असतो किंवा तो रागानं ओटीपी देत नाही, आणि मग दोन वर्षं जुना टीटी घेऊन आलेलं गिऱ्हाईक माझ्यासमोर रडत बसतं. बँकेच्या एनओसीची मुदतही तोवर संपलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. बँक किंवा फायनान्स कंपनीनं गाडी लिलावात काढण्याआधी फॉर्म ३६ नं ती आपल्या नावावर करावी, असं बंधन परिवहन खात्यानं घालावं. ते जमत नसेल, तर लिलाव कंपनीनं बोली जिंकणाऱ्याकडून बोलीशिवाय वीस-पंचवीस हजार अनामत घ्यावी आणि नवी आरसी दाखवल्यावरच परत द्यावी. बोली लावताना भरलेल्या अनामतीवरून लिलाव कंपन्या एरवी एक रुपया सोडत नाहीत. तीच कडक शिस्त इथं चालेल. आणि गाडी ओढून नेल्याची खबर मूळ मालकाला आरटीओत स्वतः देता यावी, म्हणजे त्या तारखेनंतरची चलनं त्याच्या नावावर पडणार नाहीत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांचे हप्ते थकलेत त्यांना सांगते. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. गुंड पाठवून गाडी ओढायची नाही, हे सर्वोच्च न्यायालय २००७ मध्येच बोललं आहे. विक्रीच्या आधी पैसे भरायची शेवटची संधी द्यावी लागते, ती मागा, लेखी मागा. आणि गाडी द्यायचीच वेळ आली तर चावी हातात देण्याआधी पावती घ्या. तीत तारीख, वेळ, मीटरवरचे किलोमीटर, नेणाऱ्याचं नाव आणि सही पाहिजे. गाडीचा फोटो काढून ठेवा. गाडी किती रकमेला गेली त्याचा हिशेबही लेखी मागा. कर्ज फिटून वर काही उरलं असेल तर ते तुमचं आहे.

तासगावच्या गृहस्थांकडं सुदैवानं अशी पावती होती, बायकोनं पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलेली. तिची झेरॉक्स जोडून आम्ही आरटीओ, वाहतूक पोलीस आणि त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं अर्ज दिलेत. पहिल्या दोघांच्या पोचा मिळाल्या आहेत. कंपनीची मिळालेली नाही.

आपल्या लेखकांनी पुढच्या लेखात वरचा वॅगन आरचा हिशेब हवा तर छापावा, माझी हरकत नाही. फक्त ट्रान्सफरची ओळ गाळू नये.

आपली,
एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)