ती. आई-बाबांना, बुन्योनी तळ्याकाठून

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोन मध्येच तुटला आणि बाबांचा प्रश्न तसाच राहिला : "गोरिला बघायला एका तासाचे सत्तर हजार? आणि वर तंबूत झोपायचं?" युगांडाच्या या कोपऱ्यात रेंजचा काही भरवसा नाही, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसले. पानांचे फोटो दादाला पाठवते, तो छापून देईल. मोबाईलवर वाचायला लावलं तर बाबा चार ओळींत कंटाळतील.

आई, आधी तुझं. पोट ठीक आहे, ताप नाही, मलेरियाची गोळी रोज जेवण झाल्यावर घेते. तू बळेच कोंबलेला स्वेटर रात्री अंगावरून निघत नाही. विषुववृत्त जवळ असलं तरी हे तळं महाबळेश्वरपेक्षाही बरंच उंचावर आहे, दोन हजार मीटरला थोडंच कमी. पाण्यात मगरी नाहीत, पाणघोडे नाहीत, त्यामुळे आज सुट्टीच्या दिवशी आमचे निम्मे लोक सकाळपासून पाण्यातच आहेत.

आमचा संसार म्हणजे नैरोबीहून निघालेला एक ट्रक. खालच्या कप्प्यांत तंबू, गाद्या, शेगड्या, पाण्याच्या टाक्या, आणि वर उंचावर आम्ही. चालक आणि आचारी केनियाचे, बाकी कामं आमची आम्ही करायची. एक निवृत्त जर्मन जोडपं आहे, दोन कोरियन मुलं आहेत, एक डच शिक्षिका आहे, असे सगळे मिळून. पहिल्याच रात्री आचाऱ्याने माझी कांदा चिरायची पद्धत बघितली आणि ते काम कायमचं माझ्या गळ्यात पडलं.

भांड्यांची रीत मात्र आई, तुला फार आवडेल. तीन घमेली ओळीने : साबणाचं पाणी, साधं पाणी, जंतुनाशकाचं पाणी. पुसायला फडकं नाही. एकाच फडक्याने सगळ्यांची ताटं पुसली आणि एकाचं पोट बिघडलं, की दोन दिवसांत अख्खा ट्रक आडवा. म्हणून धुतलेली ताटं दोन्ही हातांत धरून वाळेपर्यंत हवेत हलवायची. जेवणं झाली की सगळी मोठमोठी माणसं अंधारात ताटं हलवत उभी! पहिल्यांदा हसू आलं. मग आरोग्य केंद्रात तू आम्हाला कुठल्याही टॉवेलला हात लावू द्यायची नाहीस ते आठवलं.

जेवणाचे हाल नाहीत. हिरवी केळी वाफवून कुस्करतात, त्याला मटोके म्हणतात, आणि सोबत शेंगदाण्याचं दाट कालवण. तिखट नसतं, ते मी वरून घालते. नाक्यानाक्यावर तव्यावर चपात्या लाटून भाजणारी पोरं असतात. कांदा, टोमॅटो, कोबी घातलेलं आम्लेट चपातीत गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात. चपाती इथे आपल्याच लोकांनी आणली. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे घालायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले, बहुतेक पंजाबचे. मागोमाग गुजराती दुकानदार आले, गोव्याचे कारकून आणि शिंपी आले. १९७२ मध्ये इथला तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीन याने हिंदी वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्या बातम्या बाबांना आठवत असतील. तरी इथे सकाळच्या न्याहारीला चपाती लागतेच.

किबालेच्या जंगलात चिंपांझी बघितले. त्या एका जंगलात वानरांच्या-माकडांच्या तेरा जाती आहेत आणि चिंपांझी दीड हजारांच्या आसपास. आधी ते दिसत नाहीत, नुसता आरडाओरडा ऐकू येतो. मोठ्या झाडांची पाळं भिंतीसारखी वर आलेली असतात, त्यांवर नर लाथा मारतात आणि तो ढोल लांबवर घुमतो. मग एक जण झाडावरून उतरला आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता पायवाटेवरून निघून गेला. गोंडस वगैरे समजू नका त्यांना. हे टोळीने तांबड्या कोलोबस माकडांची शिकार करतात आणि मांस वाटून खातात. कोरियन पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

क्वीन एलिझाबेथ उद्यानातली रात्र जरा कठीण गेली. तिथे पाणघोडे रात्री पाण्याबाहेर चरायला येतात, ते थेट तंबूंच्या मधून. बाहेर फिरायचं नाही, असा सक्त नियम. कापडापलीकडे हातभर अंतरावर गवत कचाकचा तोडल्याचा आवाज, मधूनच एक सुस्कारा, आणि मी लघवी दाबून पडलेली. पुढे इशाशाच्या रस्त्यावर पावसाने ट्रक रुतला, आम्ही सगळे चिखलात ढकलायला उतरलो. उंबराच्या जातीच्या झाडावर चढून बसणारे तिथले सिंह प्रसिद्ध आहेत, त्यातली एकच सिंहीण दिसली, तीही शेपटीकडून.

आता बाबांचे सत्तर हजार.

गोरिला बघायच्या परवान्याचे परदेशी माणसाला युगांडात ८०० डॉलर पडतात, शेजारच्या रवांडात १,५००. तेवढ्यात एक तास मिळतो. गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसातून एकदाच माणसं भेटणार, तीही जास्तीत जास्त आठ, पंधरा वर्षांच्या आतलं कुणी नाही. तोंडाला मास्क, अंतर दहा मीटर. आमच्या डच बाईला खोकला होता, तिला पायथ्याशीच थांबवलं. ती रडली, पण रेंजरने ऐकलं नाही.

मला ते पटलं, आणि आई, कारण तुझ्या कामातलं आहे. १९९६ मध्ये ब्विंडीच्या, म्हणजे आम्ही गेलो त्याच जंगलातल्या, गोरिलांच्या अंगावरचे केस जायला लागले, कातडीला खवले धरले. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका ही तेव्हा तरुण असलेली पशुवैद्य तपासायला गेली, तर निघाली खरूज! माणसांकडून आलेली. एक पिल्लू दगावलं, बाकीच्यांना इंजेक्शनं देऊन वाचवलं. इथे शेत संपलं की लगेच जंगल सुरू, मध्ये काही नाही. गोरिला केळी खायला बाहेर येतात, तिथे बुजगावण्याला घातलेल्या जुन्या कपड्यांतून ती आली असावी असा अंदाज होता. मग त्या बाईने ओळखलं, की गावातली खरूज आणि क्षय बरा केल्याशिवाय जंगलातला गोरिला वाचत नाही. २००३ मध्ये तिने त्यासाठी संस्था काढली आणि घरोघर जाणारे गावातलेच आरोग्य स्वयंसेवक उभे केले. म्हणजे तू वाड्या-वस्त्यांवर आयुष्यभर जे केलंस, तेच.

एक तास का, तर आपण त्यांना बाधतो म्हणून. परवाना महाग ठेवला तरच थोडी माणसं आणून माग काढणाऱ्यांचे, पहारेकऱ्यांचे पगार निघतात. दोन-दोन वर्षं रोज जंगलात जाऊन एकेका कुटुंबाला माणसाची सवय करतात, ते फुकट होत नाही. आणि बाबा, जमेच्या बाजूला हे मांडा : १९८० च्या सुमारास पलीकडच्या विरुंगा डोंगरांत अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते, तिथे २०१५-१६ च्या मोजणीत ६०४ भरले. ब्विंडीचे ४५९ धरले तर जगात हजाराच्या थोडे वर. मोठ्या वानरांत वाढलेले तेवढेच.

तो तास कसा होता? पहाटे चारला निघालो. चढ निसरडा, पायाखाली जमीन नाहीच, नुसत्या वेलींचं जाळं. माझी पिशवी घेणारी पोर्टर मुलगी गमबूट घालून पुढे, आणि प्रत्येक घसरणीला तिचा हात तयार. रेंजर थांबला आणि घसा खाकरल्यासारखा आवाज काढला, म्हणजे "आलो आहोत, घाबरू नका". पलीकडून तसंच उत्तर आलं. एक मादी पोटाशी पिल्लू घेऊन बसली होती. दांडा तोडायचा, दातांनी साल ओढून बाजूला टाकायची, आतला गर चावायचा. अगदी आपण बांधावर बसून ऊस सोलतो तसं. बोटं जाड, नखं काळी, एक नख मधोमध चिरलेलं. पिल्लाने तिच्या तोंडातला गर ओढून घेतला, तिने दुसरा दांडा घेतला. चंदेरी पाठीचा मोठा नर उताणा पडला होता आणि त्याने इतका दणदणीत वारा सोडला की रेंजरलाही हसू आवरेना. मग "संपलं" म्हणाला. मला पाच मिनिटंच झाली असं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नाही. १९९१ मध्ये ब्विंडीचं राष्ट्रीय उद्यान केलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहणाऱ्या बट्वा लोकांना बाहेर काढलं. जमीन नाही, मोबदला नाही. आता ते पर्यटकांना नाचून दाखवतात, मध कसा काढायचो ते सांगतात. आमच्या गटाने तो कार्यक्रम बघितला, मी गेले आणि अर्ध्यातून उठले. बाबा, चांदोलीतून उठवलेल्या लोकांची खाती तुमच्या शाखेत होती. त्यांचं तुम्ही जेवताना सांगायचात, ते सगळं डोक्यात फिरायला लागलं. गोरिला वाचले हे खरं, पण माझ्या ८०० डॉलरमधले बट्वांच्या हातात किती पडतात हे कुणी धड सांगेना.

आता तुमचं दोघांचं. पुढच्या वर्षी या, पण ट्रकने नाही. एन्टेबेला विमानाने उतरायचं, गाडी करायची. क्वीन एलिझाबेथमध्ये काझिंगा कालव्यावर बोट असते, तीतून हत्ती, म्हशी, पाणघोडे बसल्या जागी दिसतात. गोरिलांसाठी बाबांचा गुडघा आड येऊ नये : ज्यांना चालवत नाही त्यांना पोर्टर खुर्चीत बसवून आळीपाळीने खांद्यावरून नेतात, रायगडला डोली असते तशी. त्याचे पैसे वेगळे, ते मी देईन, त्यावर वाद नको.

अडचण एकच. पीतज्वराची लस घेतल्याशिवाय युगांडात घेत नाहीत, आणि साठीनंतर पहिल्यांदा ती टोचायची तर डॉक्टरांना विचारावं लागतं. आई, तुला हे माझ्याहून जास्त कळतं, तर पुढच्या तपासणीला दोघांचंही विचारून घे. ते हो म्हणाले तरच पुढचं बोलू. आणि बाबांच्या पासपोर्टची मुदत कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये बघून दादाला सांगा, संपत आली असेल तर त्याला आत्ताच अर्ज भरू दे.

तुमची,
मनू