अण्णा सोंग करत नाहीत

प्रिय वैजू,

तुझा मेसेज आणि अण्णांच्या ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा फोटो मिळाला. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितेय. शेजारच्या काकांचं बोलणं अण्णांना बरोब्बर कळतं आणि तुझं नि ईराचं तेवढं ऐकू येत नाही, म्हणून तू वैतागली आहेस. पण ते सोंग करत नाहीत. कारण त्या कागदावरच आहे.

कागद समोर घे. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढत जाते, 250 हर्ट्झपासून 8000 पर्यंत. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. अण्णांच्या खुणा 500 ला 20 डेसिबलवर, 1000 ला 30, 2000 ला 45 आणि 4000 ला थेट 65 वर. दोन्ही कान जवळजवळ सारखेच. कवटीच्या हाडावाटे थेट आतल्या कानाला दिलेल्या आवाजाच्या खुणाही त्याच रेषेवर आहेत. म्हणजे मळ, पडदा, मधली तीन हाडं यांचा काही दोष नाही. झीज आतल्या कानात आहे. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा आलेख असाच उजवीकडे घसरतो.

आता बोलणं कसं बनतं बघ. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि चांगले दणदणीत असतात. स, श, च, थ, फ ही व्यंजनं मात्र वरच्या पट्टीत आणि मुळातच हळू. अण्णांना स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. ‘चहा’ म्हटलंस की ‘सहा’ वाटतं, ‘सात’चं ‘साठ’ होतं. त्यात बायकांचा नि लहान मुलांचा आवाज मुळात वरचा. म्हणून काका कळतात आणि ईरा कळत नाही. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ हे ते म्हणतात ना, ते शब्दशः खरं आहे.

आतल्या कानात कॉक्लिया नावाची गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते, अडीच वेढ्यांची. उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरेल. तिच्या बुडाशी वरची पट्टी ऐकू येते, शेंड्याशी खर्ज. आत आवाज टिपणाऱ्या केसपेशींच्या रांगा असतात: एका कानात आतल्या साधारण 3,500, बाहेरच्या 12,000. मेंदूला खबर देण्याचं काम मुख्यतः आतल्या पेशी करतात. बाहेरच्या पेशी स्वतः आखडतात-लांबतात आणि हलका आवाज वाढवून देतात. वयोमानानं बुडाकडच्या बाहेरच्या पेशी आधी मरतात आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत. (कोंबड्यांमध्ये येतात, आपलं नशीब तेवढं नाही.)

त्या गेल्या की एक विचित्र गोष्ट होते. हलका आवाज पोचतच नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटतो. मधली जागा आक्रसते. म्हणून तू हळू बोललीस की ‘काय?’ आणि पुन्हा मोठ्यानं सांगितलंस की ‘ओरडतेस कशाला?’ हा चिडकेपणा नाही. आणि ओरडल्यानं स्वर फुगतात, व्यंजनं तिथल्या तिथेच राहतात.

याशिवाय दोन जागी झीज होते, ती या कागदावर दिसत नाही. केसपेशी आणि श्रवणनस यांच्यातले सांधे आधीच निखळू लागतात. 2009 साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजाच्या माऱ्यानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण हे सांधे मात्र परत येत नाहीत. वयामुळेही ते कमी होतात. दुसरी जागा मेंदूतल्या श्रवणमार्गाची. नको असलेला आवाज दाबणारं तिथलं नियंत्रण सैल पडतं आणि भराभर आलेली अक्षरं सुटी करणं जड जातं. म्हणून शांत खोलीत अण्णा ठीक असतात आणि मिक्सर चालू असताना, लग्नाच्या हॉलमध्ये, चौघं एकदम बोलत असताना हरतात.

म्हणून नुसत्या ‘टूं’ ऐकवायच्या तपासणीवर थांबू नकोस. स्पीच ऑडिओमेट्री करून घे, आणि मराठी शब्दांची यादी वापरायला सांग. आवाज पुरेसा मोठा ठेवून ते शंभरातले किती शब्द बरोबर सांगतात, यावर श्रवणयंत्राचा, म्हणजे मशीनचा किती उपयोग होईल ते बरंच ठरतं. ऐंशी-नव्वद टक्के आले तर छान. पन्नासच्या खाली आले तर मशीन मदत करेल, चमत्कार नाही.

ऑनलाइन मिळणारं स्वस्त ‘आवाज वाढवणारं’ यंत्र घेऊ नकोस. ते खर्जही वाढवतं, आणि अण्णांचा खर्ज धड आहे. त्यांना कानामागचं मशीन, बारीक वायर आणि कानात उघडा, भोकांचा डोम (मऊ टोपी) असं लागेल. कान गच्च बंद केला की स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो. दोन्ही कानांना घ्या. गर्दीत बोलणं वेगळं करायला मेंदूला दोन बाजू लागतात. बसवताना कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष आवाज मोजतात, त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ती करतात का, हे आधी विचार. न करता केलेलं सेटिंग बरेचदा वरच्या पट्टीत कमी पडतं.

पहिले दोन-तीन दिवस घरातच घालू देत, मग दिवसभर. पंखा, भांडी, वर्तमानपत्राची खसखस यांचा त्रास होईल. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. ‘फक्त पाहुणे आले की घालीन’ हे चालत नाही. मशीन रोज किती तास घातलं याची नोंद बहुतेक मशीनं स्वतःच ठेवतात, त्यामुळे तिथे थाप चालणार नाही! शिट्टी वाजली तर डोम सैल आहे किंवा कानात मळ. आवाज अचानक बंद झाला तर आधी टोकाची मळजाळी बदलून बघ. अण्णांची बोटं थरथरतात, तेव्हा चार्जिंगचंच घे. 312 नंबरच्या चिमुकल्या सेलचा स्टिकर काढून बसवणं त्यांना जमणार नाही. चिपळूणच्या पावसात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं (चार्जरमध्येच सुकवायची सोय असेल तर प्रश्नच नाही).

खर्च जड वाटला तर वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषावर काम करणाऱ्या संस्थेत चौकशी कर. केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना श्रवणयंत्र मिळतं.

स्मृतिभ्रंशाचं विचारलंस. ऐकणं कमी होणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे, पण मशीन घातलं की तो टळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. 2023 च्या अचीव्ह नावाच्या श्रवणयंत्रांच्या चाचणीत तीन वर्षांत सगळ्यांचा मिळून फरक पडला नाही. ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्या गटात मात्र बुद्धीची घसरण निम्म्याच्या आसपास मंदावली.

एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. ‘सर्दीनं झालं असेल’ म्हणून थांबू नकोस. स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. एकाच कानात सूं आवाज राहिला तर तेही दाखव. अण्णांना कूस बदलताना काही सेकंद घर फिरतं म्हणालीस, ते बहुधा आतल्या कानातले खडे सरकल्यामुळे. त्यावर गोळ्या नकोत, डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं फिरवून खडे जागी नेतात. आणि कानात गरम तेल घालणं आजपासून बंद.

तपासणीला जाताना अण्णांच्या सगळ्या गोळ्यांची यादी ने. पूर्वी जेंटामायसिन किंवा अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली असतील तर तेही सांग, ती कानाला बाधतात. तोवर ईराला सांग, हाक मारून, समोर येऊन, टीव्ही बंद करून बोलायचं. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलायचे.

रिपोर्ट आला की फोटो पाठव, अण्णांना नमस्कार.

तुझी,
मीना