बाटलीची दोरी

प्रिय बाळा,

काल रात्री तुझ्या समुद्रातल्या २१ किलोमीटर पोहण्याच्या निमित्तानं संस्थेच्या उचल-खुर्चीसाठी देणगी मागणाऱ्या आवाहनाचा मजकूर पाठवलास आणि खाली लिहिलंस, "बाबा, फक्त शुद्धलेखन बघ." बघितलं. दोन ठिकाणी वेलांट्या चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. पण तिसऱ्या परिच्छेदातलं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही : "काहीही झालं तरी पलीकडचा किनारा गाठीनच, हा माझा शब्द आहे." समोर बसून बोललो असतो तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून पत्र.

ते वाक्य काढून टाक.

मागच्या सरावाचं तुला किती आठवतंय कोण जाणे. मला सगळं आठवतं, कारण मला दुसरं काम नव्हतं. बोटीतून घड्याळ लावून तू मिनिटाला किती हात मारतेस ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिले तीन तास मिनिटाला ६४, कधी ६३. चौथ्या तासात ६०, मग ५६, मग ५२. दर वेळी मी ओरडून विचारत होतो आणि तू "मी ठीक आहे" म्हणत होतीस. शब्द तेच, सूर तोच, जणू रेकॉर्ड लावली आहे. म्हणून दोरीला बांधलेली पिण्याची बाटली फेकल्यावर, गारठ्यानं तुझं डोकं मंदावलं नाही ना हे बघायला मी म्हटलं, तेराचा पाढा म्हण. तू चिडलीस. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक... आणि थांबलीस. मग परत तेरा एके तेरा. तिसरीत हाच पाढा एका श्वासात म्हणून तू बक्षीस मिळवलं होतंस. मी तुझ्या प्रशिक्षकांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि तुला वर घेतलं.

पुढची दहा मिनिटं त्याहून वाईट होती. वर आल्या आल्या तू चांगली बोलत होतीस, माझ्या टोपीला हसलीसही. मला वाटलं, उगाच काढलं हिला. आणि मग तुझे दात वाजायला लागले. पेल्यातलं कोमट पाणी अर्धं तुझ्या मांडीवर सांडलं. मी तुझे हात चोळायला पुढे झालो तर प्रशिक्षकांनी माझं मनगट धरलं. पाणी हवेच्या जवळजवळ २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. पोहताना शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं आणि ऊब छातीपोटाकडे राखून ठेवतं. बाहेर आल्यावरही आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. अशा वेळी हातपाय चोळले किंवा कढत पाण्याखाली उभं केलं, तर तिथलं गार रक्त आत धावतं आणि माणूस कोसळू शकतो. ओले कपडे काढायचे, कोरडे थरावर थर चढवायचे, गरम काहीतरी थोडं थोडं पाजायचं आणि शांत बसवायचं. बापाचे हात त्या वेळी खिशातच बरे, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी तू म्हणालीस, "अजून तास-दीड तास सहज जमलं असतं. आणि आता लोकांना काय सांगायचं?"

पहिलं वाक्य तुमच्या खेळात सगळेच म्हणतात. मला दचकवलं ते दुसऱ्यानं. देणगी अजून पुरती जमलीही नव्हती आणि लोक तुझ्या पाठीवर येऊन बसले होते. एवढं वजन घेऊन कुणी २१ किलोमीटर पोहत नाही.

तुझ्या लाडक्या इंग्लिश खाडीचंच घे. ती सर्वात आधी पोहून पार करणारा कॅप्टन मॅथ्यू वेब १८७५च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा उतरला तो १२ तारखेला, आणि वारा-लाटांमुळे त्याला माघार घ्यावी लागली. मग २४ तारखेला पुन्हा उतरला आणि २१ तास ४५ मिनिटांनी पलीकडे लागला. ती पार करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला आरती साहा २७ ऑगस्ट १९५९ला अपयशी ठरल्या आणि २९ सप्टेंबरला पोहोचल्या. ती पार करणारी पहिली महिला, अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली, १९२५मध्ये अर्ध्यातून बाहेर आली, १९२६मध्ये तिनं खाडी पार केली. पहिल्या खेपेला तिघांनाही बाहेर यावं लागलं होतं.

आता तू लगेच म्हणशील, एडर्लीला तिच्या प्रशिक्षकानं उगाच बाहेर काढायला लावलं होतं, ती तर पोहायला तयार होती! बरोबर आहे. त्यानं सांगितल्यावरून दुसऱ्या पोहणाऱ्यानं तिला हात लावला आणि ती बाद झाली, आणि तिला तो निर्णय मुळीच पटला नाही. माझ्याकडूनही असं होऊ शकतं. तू आणखी तासभर टिकली असतीस आणि मी भिऊन तुला काढलं, असं घडू शकतं. मग वर्षभर माझ्याशी बोलू नकोस. चालेल मला.

आता पैशांचं. हिशेब माझ्याकडे आहेत, तेव्हा थोडं ऐकावं लागेल. दर किलोमीटरमागे अमुक रक्कम, ही योजना बंद कर. ऐकायला छान वाटते, पण मग पंधराव्या किलोमीटरला तू पाण्यात हिशेब करत बसशील. एकरकमी देणगी घ्यायची, बस. बोट, निरीक्षक, प्रवास हा सगळा खर्च आपला आपण करतोय आणि देणगीतली पै न पै संस्थेकडे जाते, हे अगदी वर लिही. तू ते तळटिपेत टाकलं आहेस. लोक विचारत नाहीत, पण मनात तोच प्रश्न असतो. यादीतला पहिला आकडा बघून पुढचे आपला आकडा ठरवतात, म्हणून पहिली देणगी मी टाकली आहे. बेताची. माझा आकडा बघून कुणाला लाजायला लागू नये. आणि आभाराचं पत्र त्याच दिवशी गेलं पाहिजे. मागच्या आठवड्यातली नऊ अजून तुझ्याकडे पडून आहेत.

माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या मित्रानं विचारलं, "तुझ्या मुलीच्या पोहण्याचा आणि त्या खुर्चीचा संबंध काय?" मला राग आला होता, पण प्रश्न रास्त होता. उत्तर तू पाचव्या परिच्छेदात दडवून ठेवलं आहेस : कण्याला दुखापत झालेला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उतरला की शरीराचा जेमतेम दहावा हिस्सा भार उरतो. जे पाय जमिनीवर त्याला उभं करत नाहीत ते तिथे थोडे तरी साथ देतात. अडचण एवढीच की त्याला तलावात उतरवायचं कसं, आणि त्यासाठीच ती उचल-खुर्ची हवी. आवाहनाची सुरुवात इथून कर. स्वतःबद्दल नंतर लिही, आणि निम्मं लिही.

त्या काढलेल्या वाक्याच्या जागी मी सुचवतो ते असं : "मी पाण्यात उतरेन आणि जमेल तितकं पोहेन. थांबायचं केव्हा, हे बोटीवरची माणसं ठरवतील. मी कुठेही थांबले तरी तुमची देणगी पूर्ण संस्थेला मिळेल." कुणाला हे मिळमिळीत वाटलं तर वाटू दे. काही जण देणार नाहीत, त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस.

बोटीवरचे नियमही आत्ताच ठरवू. दर अर्ध्या तासाला बाटली, आणि तू मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं नाही, कारण तू थांबलीस तरी प्रवाह थांबत नाही. मी दोरी सोडेन, पण तुला हात लावणार नाही. लावला की पोहणं संपलं, हे मला पाठ आहे. हात मिनिटाला कितीवर आले की काढायचं, पाढा किती वेळा चुकला की काढायचं, हे आकडे तूच लिहून दे, आत्ता, कोरड्या अंगानं. त्याखाली आपण तिघंही सही करू. पाण्यात गेल्यावर तुझं मत घेतलं जाणार नाही.

खांद्याचं प्रशिक्षकांनी सांगितलंय ते ऐक. दुखऱ्या खांद्यानं किलोमीटर वाढवायचे नाहीत, यावर मी वेगळं भाषण देत नाही. आणि मानेला व्हॅसलीन नीट लाव. मागच्या वेळी श्वासासाठी मान वळवून वळवून पोहण्याच्या पोशाखाचा पट्टा खारट पाण्यात घासला आणि करवतीनं ओढल्यासारखी लाल रेघ उठली होती. तू ती आठवडाभर रुमालानं झाकलीस, आम्हाला दिसली नाही असं समजून.

माझी काळजी करू नकोस. मागच्या वेळी बोटीत मला तीन वेळा उलटी झाली, पण एकदाही तुझे हात मोजायचे चुकलो नाही, वही तपासून बघ. या वेळी गोळी आधीच घेणार आहे.

दुरुस्त केलेला मजकूर सोबत जोडला आहे. नऊ आभारपत्रं आज रात्री पाठव. आणि तेराचा पाढा तू आतापर्यंत घोटून ठेवला असशील, तेव्हा मी सतराचा विचारणार आहे.

तुझा,
बाबा